वेबपानात बसवलेल्या रेणूदर्शकात माउस होव्हर कसे हाताळावे

प्रथिनाची त्रिमितीय रचना वेबपानावर फिरवून पाहणे आता शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनाही नवे राहिलेले नाही. वाचक रचना फिरवतो, जवळ आणतो आणि मग एखाद्या जागी माउस थांबवतो; यालाच होव्हर म्हणतात. त्या थांबण्यात एक प्रश्न असतो: हा अणू कोणता, हे अमिनो आम्ल कोणते, ही साखळी कोणती? उत्तर त्याच जागी आणि बिनचूक मिळाले, आणि माउस पुढे सरकताच ते मागे काहीही न ठेवता निघून गेले, तरच ती रचना शिकवण्याच्या उपयोगाची ठरते. उत्तर दाखवणारा कोड सगळेच मन लावून लिहितात; ते काढून घेणारा कोड मात्र घाईत उरकला जातो, आणि या प्रकारच्या पानांवर दिसणारे बहुतेक दोष तिथूनच येतात. म्हणून या मार्गदर्शकात दुसऱ्या भागाला पहिल्याइतकीच जागा दिली आहे.

उदाहरणासाठी पीडीबी या प्रथिन-रचनांच्या सार्वजनिक संग्रहातली मानवी हिमोग्लोबिनची ४एचएचबी ही रचना घेऊ. ऑक्सिजन सोडलेल्या स्थितीतल्या हिमोग्लोबिनची ही रचना १९८४ मधली असून तिचे विभेदन १.७४ अँगस्ट्रॉम आहे. तिच्यात चार साखळ्या आहेत: ए आणि सी या अल्फा साखळ्या प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या, तर बी आणि डी या बीटा साखळ्या प्रत्येकी १४६ अमिनो आम्लांच्या. म्हणजे एकूण ५७४ अमिनो आम्ले, शिवाय लोहाचा अणू धरून बसलेले चार हीम गट आणि पाण्याचे रेणू. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळत असल्यामुळे मराठीतून जीवशास्त्र शिकवणाऱ्याला ही सहावी जागा बोट ठेवून दाखवता येणे फार मोलाचे आहे.

लायब्ररी म्हणून मुख्यतः थ्रीडीमोल घेतली आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात तयार झालेली ही मुक्त लायब्ररी जावास्क्रिप्टची आहे, तिला वेगळे प्लगइन लागत नाही आणि ती साध्या पानात सहज बसते. फंक्शनांची व गुणधर्मांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती लायब्ररीच्या दस्तऐवजात आहेत तशीच रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळून लिहावीत.

कॅनव्हासला अणू ठाऊक नसतो

पानावरच्या एखाद्या बटणावर माउस नेला की ब्राउझर आपणहून सांगतो, की माउस या घटकावर आला आहे. रेणूच्या बाबतीत तसे होत नाही. ब्राउझरच्या दृष्टीने संपूर्ण हिमोग्लोबिन हा एकच कॅनव्हास घटक, म्हणजे चित्र रंगवण्याचा एक पृष्ठभाग आहे आणि त्यातल्या हजारो अणूंपैकी एकाचीही त्याला खबर नसते. त्याच्याकडून आपल्याला फक्त माउस हलल्याची घटना आणि तिचे क्ष व य निर्देशांक मिळतात. त्या ठिपक्याखाली कोणता अणू आहे हे शोधण्याचे काम लायब्ररीला करावे लागते, आणि ते दोन पद्धतींनी केले जाते.

पहिल्या पद्धतीत कॅमेऱ्यापासून माउसच्या ठिपक्यातून एक काल्पनिक किरण रेणूत सोडला जातो आणि तो कोणत्या गोलाला, दंडगोलाला किंवा त्रिकोणाला सर्वांत आधी छेदतो हे गणिताने काढले जाते. थ्रीडीमोल हीच पद्धत वापरते. यासाठी तिला होव्हर लागू असलेल्या प्रत्येक अणूसाठी छेदन-आकार तयार ठेवावे लागतात. म्हणून होव्हर जितक्या जास्त अणूंना लावाल तितके काम वाढते. दुसऱ्या पद्धतीत पडद्यामागे रेणूचे आणखी एक चित्र रंगवले जाते, ज्यात प्रत्येक अणूला किंवा बंधाला त्याचा स्वतंत्र रंग दिलेला असतो. माउसखालच्या पिक्सेलचा रंग वाचला की अणूचा क्रमांक कळतो. चोवीस बिटांच्या रंगात १,६७,७७,२१६ वेगवेगळे क्रमांक मावतात, त्यामुळे रायबोसोमसारख्या प्रचंड रचनांनाही ही पद्धत पुरते. एनजीएल आणि मोलस्टार या दर्शकांत ती वापरलेली आहे.

हा फरक केवळ माहितीसाठी सांगितलेला नाही. थ्रीडीमोलमध्ये होव्हर मंद वाटू लागले तर उपाय निवडीत, म्हणजे कमी अणूंना होव्हर लावण्यात असतो. एनजीएलमध्ये तसे झाले तर प्रत्येक हालचालीला ग्राफिक्स कार्डाकडून पिक्सेल परत वाचण्याचा खर्च कमी करावा लागतो, म्हणजे माउस थांबल्यावरच शोध घ्यावा लागतो.

थ्रीडीमोलमधली मूळ मांडणी

प्रथम पानावर एक डिव्ह ठेवावा आणि त्याला निश्चित रुंदी, निश्चित उंची व रिलेटिव्ह पोझिशन द्यावी. ही तिसरी गोष्ट बरेचदा राहून जाते. ती राहिली, तर दर्शकाचा कॅनव्हास आपली जागा डिव्हच्या संदर्भात न ठरवता बाहेरच्या एखाद्या घटकाच्या संदर्भात ठरवतो आणि पानाच्या भलत्याच भागावर पसरतो. मग माउस एकीकडे आणि सापडलेला अणू दुसरीकडे असा प्रकार दिसतो. डिव्ह तयार झाला की क्रिएटव्ह्यूअरने दर्शक बनवावा आणि डाउनलोड या फंक्शनला ४एचएचबी हे नाव देऊन रचना मागवावी.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. रचना जाळ्यावरून यायला वेळ लागतो, आणि सेटहोव्हरेबल हे फंक्शन त्या क्षणी दर्शकात असलेल्या अणूंनाच लागू होते. डाउनलोडच्या पुढच्याच ओळीत ते लिहिले तर तेव्हा दर्शकात एकही अणू नसतो, होव्हर कोणालाच लागत नाही आणि त्रुटीचा संदेशही कुठे उमटत नाही. म्हणून शैली देणे, होव्हर लावणे, झूमटूने रचना चौकटीत बसवणे आणि शेवटी रेंडर करणे, म्हणजे चित्र प्रत्यक्ष रंगवणे, ही चारही कामे डाउनलोड पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या कॉलबॅकमध्ये, याच क्रमाने करावीत. रेंडर शेवटी असणे आवश्यक आहे, कारण वर सांगितलेले छेदन-आकार रेंडरच्या वेळी तयार होतात. नंतर केव्हाही होव्हरची निवड बदलली, तरी पुन्हा एकदा रेंडर करावेच लागते.

सेटहोव्हरेबलला चार गोष्टी द्यायच्या असतात: अणूंची निवड, होव्हर चालू की बंद हे सांगणारे खरे-खोटे मूल्य, माउस अणूवर आल्यावर चालणारे फंक्शन आणि माउस अणूवरून गेल्यावर चालणारे फंक्शन. निवडीच्या जागी रिकामे ऑब्जेक्ट दिले की सगळे अणू निवडले जातात. बहुतेक नमुन्यांत तेच दाखवलेले असते, पण प्रत्यक्ष पानासाठी ते क्वचितच योग्य ठरते. हिमोग्लोबिनच्या पानावर पाण्याचे रेणू वगळावेत, कारण शिकणाऱ्याला त्यांच्या नावाशी काही देणेघेणे नसते आणि ते मध्ये आले की हवे असलेले अमिनो आम्ल हाती लागत नाही. पाण्याचे अवशेष-नाव (अवशेष म्हणजे रचनेतला एकेक घटक, जसे एक अमिनो आम्ल) एचओएच असते. नॉट वापरून ते निवडीतून काढता येते.

माउस आल्यावर चालणाऱ्या फंक्शनला लायब्ररी अणू, दर्शक, माउसची घटना आणि दर्शकाचा डिव्ह अशा चार गोष्टी क्रमाने देते. एका अणूवरून थेट दुसऱ्या अणूवर माउस गेला तर आधी पहिल्या अणूसाठी ‘गेला’ हे फंक्शन आणि मग दुसऱ्यासाठी ‘आला’ हे फंक्शन चालते. या क्रमाचा फायदा घेऊन सगळा व्यवहार आपल्या दोन लहान फंक्शनांत बांधावा: एक ‘दाखव’ आणि एक ‘लपव’. सध्या काय दाखवले आहे याची नोंद एकाच चलात ठेवावी. अनेक नमुन्यांत ही नोंद अणूच्याच अंगावर, लेबल नावाच्या गुणधर्मात ठेवलेली आढळते. एका रचनेपुरते ते चालते. पण पानावर रचना बदलण्याची सोय असेल आणि माउस अणूवर असतानाच जुनी रचना काढली गेली, तर अणूबरोबर ती नोंदही हातातून जाते आणि लेबल मात्र पडद्यावर तसेच लटकत राहते. नोंद आपल्या चलात असेल तर रचना बदलण्यापूर्वी, शैली बदलण्यापूर्वी किंवा टॅब बदलताना आपण स्वतः ‘लपव’ हाक मारू शकतो. ती तशी मारावीच; लायब्ररीकडून ‘गेला’ असा निरोप येईल या भरवशावर राहू नये. याच कारणाने डिव्हवर माउस बाहेर गेल्याची घटना स्वतंत्रपणे ऐकावी आणि तेव्हाही ‘लपव’ चालवावे, म्हणजे वाचकाने झटकन माउस दर्शकाबाहेर नेला तरी टूलटिप, म्हणजे उत्तराची तरंगती चौकट, मागे राहणार नाही.

उत्तरात काय लिहावे

अणूच्या ऑब्जेक्टमध्ये बरीच माहिती असते. रेझएन म्हणजे अमिनो आम्लाचे तीन अक्षरी नाव, रेझआय म्हणजे साखळीतला क्रमांक, चेन म्हणजे साखळीचे अक्षर, अ‍ॅटम म्हणजे अणूचे पीडीबीतले नाव, एलेम म्हणजे मूलद्रव्य, सीरियल म्हणजे फाइलमधला अनुक्रमांक. हे सगळे एकमेकांना चिकटवून दाखवणे सोपे असते, आणि वाचकाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो.

दोन ठिकाणी विशेष जपावे. पहिले म्हणजे अणूच्या नावावरून मूलद्रव्य ठरवू नये. प्रथिनात सगळीकडे भेटणारा ‘सीए’ हा अल्फा कार्बन आहे. पण कॅल्शियमच्या आयनाचे नावही ‘सीए’ असेच असते. टूलटिपमध्ये नुसते ‘सीए’ पाहून बारावीचा विद्यार्थी कॅल्शियम समजला तर त्यात त्याची चूक नाही. मूलद्रव्य नेहमी एलेममधून घ्यावे आणि ‘अल्फा कार्बन’ असे स्पष्ट लिहावे.

दुसरे, क्रमांक कधीही साखळीशिवाय तपासू नये. आपल्याला सहाव्या जागेवर खास टिपण दाखवायचे आहे. केवळ ‘रेझआय सहा आहे का’ एवढेच विचारले, तर ए साखळीतला सहावा अवशेषही पकडला जाईल, आणि तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे. साखळी बी किंवा डी आहे, क्रमांक सहा आहे आणि रेझएन ग्लुटामिक आम्लाचे आहे, या तिन्ही अटी एकत्र लावाव्यात. तिसरी अट जास्तीची वाटेल, पण उद्या याच पानावर सिकलसेल हिमोग्लोबिनची २एचबीएस ही रचना आणली तर त्याच जागी व्हॅलिन सापडेल, आणि तेव्हा टिपणाचा मजकूर वेगळा हवा. त्या रचनेत साखळ्याही जास्त आहेत, म्हणून साखळ्यांची यादी रचनेनुसार बदलावी. आणखी एक खुलासा टिपणात अवश्य द्यावा: बीटा साखळी मोजण्याची जुनी प्रथा या जागेला सहावी म्हणते, तर आजच्या जनुकीय अहवालांत आरंभीचे मेथिओनिन धरून मोजतात आणि हाच बदल सातव्या जागेवर दाखवतात. बीटा साखळीत सहाव्या व सातव्या अशा दोन्ही जागी ग्लुटामिक आम्लच असल्यामुळे अहवाल आणि रचना शेजारी ठेवून पाहणाऱ्याचा गोंधळ हमखास होतो. होव्हरचे टिपण हा गोंधळ दूर करण्याची उत्तम जागा आहे.

मराठी पानासाठी वीस अमिनो आम्लांच्या तीन अक्षरी नावांसमोर मराठी नावे देणारा एक छोटा तक्ता कोडमध्ये ठेवावा आणि त्यात नसलेले नाव आले तर मूळ नाव जसेच्या तसे दाखवावे. हीमसाठी वेगळी नोंद ठेवावी. हीमच्या लोहाजवळ माउस नेणाऱ्याला अल्फा साखळीतले ८७वे आणि बीटा साखळीतले ९२वे हिस्टिडिन हे लोहाला धरून असतात, एवढे सांगितले तरी रचनेतले मर्म त्याच्या लक्षात येते.

रचना फितीच्या रूपात, म्हणजे कार्टून शैलीत दाखवली असेल तर तिथे अणू प्रत्यक्ष दिसतच नाहीत. होव्हरच्या फंक्शनला तरीही एक अणू मिळतो. तो त्या अमिनो आम्लाचा प्रतिनिधी समजावा आणि अणूचे नाव न दाखवता फक्त अमिनो आम्ल, क्रमांक आणि साखळी दाखवावी. काड्यांच्या शैलीत मात्र अणूचे नाव सांगणे योग्य आहे.

लेबल की टूलटिप

उत्तर दाखवण्याचे दोन मार्ग आहेत. थ्रीडीमोलच्या अ‍ॅडलेबलने लेबल रेणूच्या अवकाशातच अणूपाशी लावता येते आणि रिमूव्हलेबलने काढता येते. दुसरा मार्ग म्हणजे दर्शकावर तरंगणारा साधा एचटीएमएलचा डिव्ह. इंग्रजी तीन अक्षरी नावांसाठी पहिला मार्ग ठीक आहे. मराठी वाक्यासाठी मी दुसराच मार्ग सुचवेन. लेबलचा मजकूर चित्राच्या रूपात रंगवला जातो. पानासाठी निवडलेला देवनागरी फॉन्ट तोपर्यंत उतरलेला नसेल तर लेबल दुसऱ्याच फॉन्टमध्ये रंगते आणि फॉन्ट आल्यावर आपोआप सुधारत नाही. लांब वाक्य ओळींत मोडत नाही, मजकूर निवडता येत नाही आणि पडदावाचक सॉफ्टवेअरला तो ऐकवता येत नाही. एचटीएमएलच्या डिव्हला यांपैकी कोणतीच अडचण नसते.

टूलटिपची जागा काढताना घटनेतले क्लायंटएक्स व क्लायंटवाय घ्यावेत, दर्शकाच्या डिव्हची चौकट गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टने विचारावी आणि तिची डावी व वरची कड त्यांतून वजा करावी. दोन्ही आकडे दृश्य खिडकीच्या कोपऱ्यापासून मोजलेले असल्यामुळे पान कितीही खाली सरकवले तरी वजाबाकी बरोबर येते. पेजएक्स आणि क्लायंटएक्स यांची सरमिसळ केली की पान वर असताना सगळे ठीक दिसते आणि खाली सरकवल्यावर टूलटिप दूर जाते. उजव्या कडेजवळ टूलटिप चौकटीबाहेर जात असेल तर ती माउसच्या डावीकडे काढावी.

आता या विषयातला सर्वांत त्रासदायक दोष. टूलटिप दिसते, लगेच नाहीशी होते, पुन्हा दिसते आणि असे लुकलुकणे थांबत नाही. कारण असे, की टूलटिप माउसच्या अगदी खाली उगवते. त्यामुळे माउस आता कॅनव्हासवर नसून टूलटिपवर असतो. कॅनव्हासला वाटते माउस निघून गेला, म्हणून ‘लपव’ चालते. टूलटिप नाहीशी होताच माउस पुन्हा कॅनव्हासवर येतो, अणू पुन्हा सापडतो आणि ‘दाखव’ चालते. हे चक्र माउस हलेपर्यंत सुरू राहते. उपाय एका ओळीचा आहे: टूलटिपच्या सीएसएसमध्ये पॉइंटर-इव्हेंट्स हा गुणधर्म ‘नन’ करावा, म्हणजे माउसच्या दृष्टीने टूलटिप अस्तित्वातच राहत नाही. शिवाय ती माउसपासून दहा-बारा पिक्सेल दूर ठेवावी, नाहीतर बघायचा अणूच तिच्याखाली झाकला जातो.

ज्या अणूची माहिती दाखवली जात आहे तो उठून दिसावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यासाठी ‘दाखव’ फंक्शनात सेटस्टाइल वापरू नये. शैली बदलली की लायब्ररीला रचनेची भूमिती नव्याने बांधावी लागते, आणि प्रत्येक होव्हरला ते करायचे म्हणजे माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो. त्याऐवजी अ‍ॅडस्फिअरने त्या अणूच्या जागी एक अर्धपारदर्शक गोल ठेवावा, तो आपल्या नोंदीत राखावा आणि ‘लपव’मध्ये रिमूव्हशेपने काढून रेंडर करावे. सर्व्हरवरून माहिती मागवणेही होव्हरमध्ये करू नये. लागणारी टिपणे पान उघडतानाच उतरवून घ्यावीत.

किती थांबल्यावर दाखवावे

थ्रीडीमोलमध्ये माउस अर्धा सेकंद, म्हणजे ५०० मिलिसेकंद स्थिर राहिल्यावर होव्हर धरले जाते. सेटहोव्हरड्युरेशनने हा काळ बदलता येतो. एकेक अमिनो आम्ल शोधत जाणाऱ्या वाचकाला अर्धा सेकंद फार वाटतो. दीडशे ते दोनशे मिलिसेकंद मला योग्य वाटतात. शून्य मात्र करू नये, कारण मग रेणूवरून नुसता माउस ओढला तरी वाटेतला प्रत्येक अणू बोलू लागतो. रचना फिरवत असताना टूलटिप अजिबात येऊ नये. त्यासाठी घटनेतल्या बटन्स या गुणधर्माकडे पाहावे. तो शून्य नसेल तर माउसचे एखादे बटण दाबलेले आहे, म्हणून ‘दाखव’ने काही न करता परत फिरावे. माउसचे बटण दाबल्याच्या घटनेवर आणि चाक फिरल्याच्या घटनेवर ‘लपव’ जोडावे, कारण रचना हलल्यावर जुनी टूलटिप चुकीच्या अणूशेजारी उभी राहते.

दर्शक झाकलेल्या टॅबमध्ये असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी. डिस्प्ले ‘नन’ असलेल्या डिव्हची रुंदी-उंची शून्य असते, आणि दर्शक त्या वेळी बनवला तर तेच माप धरतो. टॅब उघडल्यावर रिसाइज हे फंक्शन चालवावे. सीएसएसच्या स्केलने अख्खा दर्शक लहान-मोठा करणे टाळावे; चित्र ताणले जाते, पण माउसचा हिशेब जुन्याच मापाने होण्याचा धोका असतो.

इतर दर्शकांत

जेएसमोल हा जावातल्या जेमोलचा जावास्क्रिप्ट अवतार आहे. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावाच्या प्लगइनचा आधार काढून घेतल्यावर जुनी अनेक शैक्षणिक पाने त्याच्यावर आली. त्यात होव्हरचे लेबल स्क्रिप्टच्या होव्हर या आज्ञेने ठरवता येते, होव्हर ऑफ म्हणून बंद करता येते आणि सेट होव्हरडिले या आज्ञेने थांबण्याचा काळ सेकंदांत देता येतो. स्वतःचे फंक्शन जोडायचे तर सेट होव्हरकॉलबॅक या आज्ञेला त्याचे नाव अवतरणचिन्हांत द्यावे लागते. नाव मजकूर म्हणून दिलेले असल्यामुळे ते फंक्शन पानाच्या जागतिक अवकाशात सापडले पाहिजे. आजकाल कोड मॉड्यूलमध्ये लिहिला जातो आणि मॉड्यूलमधली फंक्शने आपोआप जागतिक होत नाहीत; म्हणून ते फंक्शन विंडो या ऑब्जेक्टवर मुद्दाम ठेवावे. ते न केल्यास कॉलबॅक चालतच नाही.

एनजीएलमध्ये स्टेजच्या सिग्नल्समधल्या होव्हर्ड या सिग्नलला अ‍ॅडने आपले फंक्शन जोडावे. माउसखाली काही असले तर त्या फंक्शनला पिकिंगप्रॉक्सी, म्हणजे सापडलेल्या गोष्टीची माहिती देणारे ऑब्जेक्ट मिळते, नसले तर काहीच मिळत नाही. म्हणजे ‘आला’ आणि ‘गेला’ हे दोन्ही निरोप एकाच दारातून येतात आणि आपण तपासून ‘दाखव’ किंवा ‘लपव’ चालवायचे. माउस बंधावर असेल तर प्रॉक्सीत अ‍ॅटम नसतो, बाँड असतो; तेव्हा क्लोझेस्टबाँडअ‍ॅटम घ्यावा. एनजीएल स्वतःचीही टूलटिप दाखवते. ती नको असल्यास माउसकंट्रोल्समधून होव्हरपिक ही कृती काढून टाकावी, नाहीतर वाचकाला एकाच अणूची दोन उत्तरे दिसतात.

मोलस्टारमध्ये प्लगइनच्या बिहेवियर्समधल्या इंटरॅक्शनच्या होव्हर या प्रवाहाला सबस्क्राइब करावे लागते. मिळणाऱ्या घटनेत थेट अणू नसून लोसाय, म्हणजे रचनेतल्या जागांचा एक संच असतो. तो रिकामा आहे का, रचनेतल्या घटकांचा आहे का, हे आधी तपासूनच त्यातून साखळी आणि क्रमांक काढावा. सबस्क्रिप्शन परत मिळते ते जपून ठेवावे आणि दर्शक पानावरून काढताना अनसबस्क्राइब करावे. रिअ‍ॅक्टसारख्या चौकटीत घटक वारंवार बनतो आणि मोडतो. तिथे हे राहिले तर जुनी फंक्शनेही नव्या फंक्शनांबरोबर चालत राहतात.

दर्शक आयफ्रेममध्ये असेल तर

दुसऱ्या संकेतस्थळावरचा दर्शक आयफ्रेमने बसवला असेल, तर आतल्या माउसच्या घटना बाहेरच्या पानाला दिसत नाहीत. ब्राउझरची सुरक्षाव्यवस्थाच तशी आहे. आतले पान आपल्या ताब्यात असेल तरच मार्ग आहे: आतल्या ‘दाखव’ फंक्शनातून पोस्टमेसेजने बाहेर निरोप पाठवायचा आणि बाहेरच्या पानाने तो ऐकायचा. पाठवताना नेमके मूळ स्थळ नमूद करावे, तारांकन देऊ नये. ऐकताना घटनेतले ऑरिजिन तपासूनच पुढे जावे.

येथे अनेकजण अणूचे संपूर्ण ऑब्जेक्ट पाठवायला जातात आणि ब्राउझर डेटाक्लोन नावाची त्रुटी दाखवतो. थ्रीडीमोलने होव्हर लावताना आपली दोन्ही फंक्शने त्या अणूच्या ऑब्जेक्टवरच ठेवलेली असतात, आणि पोस्टमेसेजला फंक्शनाची प्रत काढता येत नाही. म्हणून साखळी, क्रमांक, अमिनो आम्लाचे नाव आणि मूलद्रव्य एवढेच वेगळे काढून साध्या ऑब्जेक्टमध्ये पाठवावे. पायथनच्या नोटबुकात पायथ्रीडीमोल वापरतानाही मर्यादा लक्षात ठेवावी: होव्हर ब्राउझरमध्ये घडते, त्यामुळे तिथे पायथनचे फंक्शन देता येत नाही, जावास्क्रिप्टचे फंक्शन मजकूर म्हणून द्यावे लागते.

माउस नसलेल्या वाचकासाठी

आपल्याकडे असे पान उघडणारा विद्यार्थी बहुधा मोबाइलवर असतो, आणि बोटाला होव्हर नसते. म्हणून सेटक्लिकेबलने तेच ‘दाखव’ फंक्शन स्पर्शालाही जोडावे आणि मोकळ्या जागी बोट लावल्यावर ‘लपव’ चालवावे. उपकरणाला होव्हर आहे का हे मॅचमीडियाला होव्हरबद्दल विचारून कळते. त्यानुसार सूचनाही बदलावी, कारण मोबाइलवर ‘माउस न्या’ असे लिहिणे वाचकाला गोंधळात टाकते.

वेब सुगम्यतेच्या २०१८ मधल्या २.१ आवृत्तीतल्या मार्गदर्शक तत्त्वांत होव्हरने दिसणाऱ्या मजकुराबाबत १.४.१३ हा निकष आहे. मजकूर माउस न हलवता बंद करता यावा, त्याच्यावर माउस नेता यावा आणि वाचकाने सोडेपर्यंत तो टिकावा, अशा त्याच्या अपेक्षा आहेत. लुकलुकणे टाळण्यासाठी आपण टूलटिपवर माउस जाऊच दिलेला नाही, तेव्हा यातली दुसरी अपेक्षा अपुरी राहते. माझ्या मते याचा सरळ मार्ग असा, की तरंगत्या टूलटिपमध्ये फक्त नाव व क्रमांक ठेवावा आणि सविस्तर टिपण दर्शकाखालच्या कायम पट्टीत दाखवावे. शेवटी पाहिलेल्या अवशेषाचे टिपण पट्टीत राहू द्यावे, ते निवडता व मोठे करता यावे आणि पट्टीला एरिया-लाइव्ह ‘पोलाइट’ द्यावे, म्हणजे पडदावाचक ते वाचून दाखवेल. एस्केप कळ दाबल्यावर टूलटिप बंद व्हावी. महत्त्वाच्या जागांसाठी, जसे सहावी जागा आणि लोहाचे अणू, पट्टीशेजारी साधी बटणे द्यावीत आणि त्या बटणांनी तेच ‘दाखव’ फंक्शन चालवावे. कळफलक वापरणाऱ्याला तिथवर पोचण्याचा दुसरा रस्ता नसतो.

पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते अर्धे खाली सरकवून, ब्राउझरचे झूम बदलून, दर्शकाच्या चारही कडांशी आणि माउसचे बटण दाबून धरून असे तपासावे. त्यानंतर बी साखळीतल्या सहाव्या ग्लुटामिक आम्लावर माउस थांबवावा, टूलटिप दिसत असतानाच रचना बदलून २एचबीएस आणावी, आणि जुने टिपण, जुना गोल किंवा जुने लेबल यांपैकी काही मागे राहिले आहे का ते पाहावे.